उशी, लोड आणि अक्काची फुली

सुताराला रंधा, शिंप्याला कात्री, तशी गादीकाकांना पाठ. चाळीस वर्षं त्यांनी कापसाच्या गाद्या भरल्या, पण कुणीतरी पंधरा मिनिटं पडून पाहिल्याशिवाय त्यातली एकही गादी दुकानाबाहेर गेली नाही. नियम त्यांच्या वडिलांचा. वडील म्हणायचे, "हाताला सगळंच मऊ लागतं. हात लबाड असतो. पाठीला खोटं बोलता येत नाही." म्हणून गादी भरून झाली की जमिनीवर अंथरायची, उशाशी गजराचं घड्याळ ठेवायचं आणि हातपाय सैल सोडून पंधरा मिनिटं पडायचं. उठलं की कोपऱ्यात खडूने खूण. गोल म्हणजे पास. फुली म्हणजे उसवा, पुन्हा भरा, आणि पुन्हा पाठीखाली आणा. फुली पडली म्हणून गादी टाकून दिली, असं त्या दुकानात एकदाही घडलं नाही.

बरीच वर्षं हे पडण्याचं काम अक्काकडे होतं. अक्का ही काकांची थोरली बहीण. डाव्या कोपऱ्यात मूठभर कापूस कमी असला तरी तिच्या पाठीला कळायचं, आणि तिच्या तोंडामुळे ते गल्लीला कळायचं. तिने लग्न केलं नाही. "गादी पंधरा मिनिटांत कळते. माणसाचं तसं नाही, आणि तेवढा वेळ मला नाही," एवढंच तिचं त्यावर म्हणणं. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, जमिनीवरून उठणं जड जाऊ लागलं, तेव्हा तिने खडू भावाच्या हातात दिला. मात्र घराचा कारभार दिला नाही.

अक्काची पाठ नाजूक, तर नाक त्याहून नाजूक. दमट कापसाची गाडी वळणावर असतानाच ती दुकानात म्हणायची, "परत पाठवा." एकदा एका नवऱ्यामुलीच्या गादीत उंदरीण बाळंत झाली होती. तेव्हा घरात सगळ्यात आधी वास अक्कालाच आला, आणि त्याच दिवशी तिने कायदा केला: ज्याला शेपूट आहे, त्याला या घरात जागा नाही. कायद्याला तीस वर्षं झाली होती. त्यातून पालसुद्धा सुटली नव्हती.

तर अशा या घरात, अक्का घरी नसताना, दोन ससे आले.

झालं असं की, गादीकाकांच्या लेकीने घर बदललं. नव्या इमारतीत प्राणी ठेवायला बंदी. नात नऊ वर्षांची. ती डोळे सुजवून, भोकं पाडलेलं खोकं छातीशी धरून आजोबांच्या दारात उभी राहिली.

"आजोबा, बाबांनी एक माणूस बघितलाय. पण तो एकच घेणार म्हणतो. दोघांना वेगळं केलं तर ते जेवत नाहीत. तुम्ही ठेवाल का? थोडे दिवस नाही, कायमचे?"

गादीकाकांनी खोक्यात डोकावून बघितलं. आत एक पांढरी, चौकोनी वाटावी अशी लहानखुरी ससीण, आणि तिला टेकून एक राखाडी, लांबुडका, केसाळ, कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळू नये असा ससा. दोघं एकमेकांवर असे रेलले होते की काकांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो धंद्याचाच.

"उशी आणि लोड!"

नातीने त्यांना दर महिन्याला नवं नाव दिलेलं असल्यामुळे दोघांनी याही नावाला हरकत घेतली नाही.

"कायमचे," गादीकाका म्हणाले. काकूंचा चिमटा त्यांच्या दंडाला पोचेपर्यंत शब्द देऊन झाला होता.

नात नाचत गेली. काकूंनी दार लावलं आणि वळल्या. "अक्काला विचारलंत?"

"अक्का इथे कुठे आहे?"

"म्हणून तर विचारायची संधी होती. ती घरात असते तेव्हा आपण विचारत नाही, ती सांगते."

अक्का गुडघे शेकायला गरम झऱ्याच्या गावी, मैत्रिणीकडे गेली होती. येणार होती पुढच्या रविवारी. मध्ये दिवस होते नऊ. नऊ दिवसांत सशांची अशी काही व्यवस्था लावायची होती, की अक्का दारातून आत आली, नाक वर केलं, तरी त्या नाकाला बोट दाखवायला जागा सापडू नये. नाहीतर लोड एकीकडे, उशी दुसरीकडे, आणि नातीला दिलेला शब्द तिसरीकडे.

आता खरं सांगायचं तर गादीकाकांना मनातून उकळ्या फुटत होत्या. फोमच्या गाद्या सुरळी करून खोक्यातून घरपोच यायला लागल्या, तेव्हा तीन वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं होतं. तेव्हापासून हात नुसते शिवशिवत. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी बसण्याआधी सोफ्याला दोन गुद्दे घालून बघायचे. व्याह्यांच्या दिवाणखान्यात एकदा उशी उसवून परत भरून दिली होती, न मागता. आणि आज तीन वर्षांनी घरात दोन गिऱ्हाइकं आली होती, दोघांनाही अंथरूण हवं होतं!

त्यांनी माळ्यावरून पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड काढलं, जपून ठेवलेला लांब धाग्याचा कापूस काढला, आणि दुपारपर्यंत दोन हात बाय दीड हाताची गादी तयार केली. चारी कडांना दुहेरी टाका, मध्ये नऊ गुंड्या. इतकी देखणी गादी त्यांनी एखाद्या जावयासाठीसुद्धा केली नव्हती. ती टीचभर गादी पाठीला पुरेना, म्हणून फक्त मान टेकवून पंधरा मिनिटं काढली आणि कोपऱ्यात खडूने गोल काढला.

चहा पिऊन येईपर्यंत उशीने तो गोल खाल्ला होता. गोल आणि गोलाभोवतीचा कोपरा. लोड एक गुंडी तोंडात धरून विचार करत होता, आणि दोघांच्या मिशांना कापसाचे धागे लोंबत होते.

गादीकाकांनी दोघांना खोक्यात घातलं आणि प्राण्यांच्या डॉक्टरकडे धूम ठोकली. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने लोडच्या दातांमागून गुंडी काढली, दोघांची पोटं हलकेच दाबून पाहिली.

"काका, यांना कापूस कुणी दिला?"

"मीच. नंबर एक कापूस आहे."

"असेल. पण हे तो खातात. पोटात त्याचा गोळा होतो आणि पुढे सरकत नाही. सशाला उलटीसुद्धा करता येत नाही. नशीब, थोडाच गेलाय."

गादीकाकांचा चेहरा असा उतरला की डॉक्टरला त्यांनाच तपासावंसं वाटलं असावं. तिने खुर्ची पुढे केली. "घाबरू नका. दोघं ठणठणीत आहेत, ऑपरेशनही झालेली आहेत, म्हणजे दोनाचे बारा व्हायची भीती नाही. फक्त एक लक्षात ठेवा. सशाच्या घरात जे जे ठेवाल ते ते तो चावून बघणार. मग ते अंथरूण असो, खेळणं असो, नाहीतर तुमची चप्पल असो. खाल्लं तरी चालेल असंच ठेवायचं."

काकांनी खाली बघितलं. उजव्या चपलेचा पट्टा अर्धा होता.

"आणि झोपायची जागा वेगळी, शी-शूची पेटी वेगळी," डॉक्टर पुढे म्हणाली. "त्या पेटीत घालायला काहीतरी ओल शोषणारं आणा, वर मूठभर सुकं गवत. ससे खाता खाताच कार्यक्रम उरकतात. आणि पेटी कुठे ठेवायची ते तुम्ही ठरवायचं नाही. ते कोपरा निवडतील, पेटी तिथे न्यायची."

"म्हणजे गिऱ्हाईक सांगेल तसं," गादीकाका म्हणाले. आता कुठे त्यांना सूर सापडला.

दुसऱ्या दिवशी ते पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात उभे होते. दुकानदार हौशी. ससा म्हटल्याबरोबर त्याने फळीवरून एकामागून एक पिशव्या उतरवायला सुरुवात केली.

"हे घ्या. मांजरवाले हेच नेतात. वाळूसारखं आहे. ओल लागली रे लागली की घट्ट गोळा..."

"गोळा नको!" गादीकाका एवढ्या जोरात ओरडले की दुकानातला पोपट दोनदा "गोळा नको" म्हणाला. "हे खातात ते. बाहेर होतो तो गोळा आतही होईल."

"बरं, मग हा लाकडाचा भुसा. वासाच्या लाकडाचा. घरभर सुगंध."

काकांनी पिशवीत नाक घातलं आणि सात शिंका दिल्या. "माझं हे होतंय, तर त्या चिमुकल्या नाकांचं काय होईल? पुढचं."

पुढचं म्हणजे वाळवलेल्या लाकडाच्या दाबून केलेल्या गोळ्या, रद्दी कागदाच्या गोळ्या, कागदाच्या झिरमिळ्या, गव्हाचं काड आणि सुकं गवत. काकांनी बाही सरकवली आणि प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. मूठ उघडली, मिटली, कानाशी नेऊन ऐकलं. दुकानदार बघत राहिला.

"झोपून बघता येईल?" काकांनी विचारलं.

"कुणाला? सशाला?"

"नाही, मला."

दुकानदाराने दुकानाच्या लांबीकडे पाहिलं, काकांच्या लांबीकडे पाहिलं आणि पाचही प्रकारांची एकेक पिशवी बांधून दिली. "घरी नेऊन झोपा," तो म्हणाला.

घरी गच्चीवर काकांनी चटया टाकल्या, त्यांवर पाच वाफे केले, सदरा काढला आणि पहिल्या वाफ्यात उताणे पडले. काकू घड्याळ घेऊन मोडक्या खुर्चीवर बसल्या. लग्नाला एवढी वर्षं झाली होती, की नवरा कशावर झोपतो याचं त्यांना आता नवल वाटत नसे. शेजारच्या गच्चीवर शेजारीणबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांना राहवेना.

"काकू, काका बरे आहेत ना?"

"बरे आहेत. सशांसाठी झोपलेत."

"बरं बरं," म्हणून शेजारीणबाई उरलेले कपडे तसेच घेऊन खाली गेल्या.

लाकडाच्या गोळ्यांवर काकांनी अकरा मिनिटं काढली. उठले तेव्हा पाठीवर असे ठसे होते, जणू कुणी टंकलेखन केलंय. "पायाखाली ठीक, पण रुततं. फुली." कागदाच्या गोळ्या बऱ्या निघाल्या. झिरमिळ्यांत काका पूर्ण पंधरा मिनिटं पडले, पण घामाने त्या पाठीला चिकटल्या आणि ते सजवलेल्या भेटवस्तूसारखे दिसू लागले. काड टोचलं नाही, उबदार लागलं. आणि गवतावर पडले तेव्हा घड्याळ वाजलं तरी ते उठले नाहीत. काकूंनी डोकावून पाहिलं, तर नवरा घोरत होता, उशी त्याच्या पोटावर बसून बगलेखालचं गवत खात होती, आणि लोड त्याच्या पायांशी लोडासारखाच पडला होता.

पाठीचा निकाल लागला: झोपायला खाली काड, वर गवत. पण पेटीचा निकाल नाकाचा, आणि नाक हवं अक्काचं. ते झऱ्याच्या गावी. काकू म्हणाल्या, "माझं नाक घ्या."

"तुझ्या नाकाला परवा करपलेला पाव कळला नव्हता."

"म्हणून काय झालं? अक्काला जे दारातून येतं, ते मला एका वितीवरून येईल. हिशेब सोपा आहे."

हिशेब खरंच सोपा होता. काकांनी झाकणाच्या पाच डब्यांत सशांच्या तात्पुरत्या पेटीतला कालचा माल त्या पाच प्रकारांत वेगवेगळा कालवून ठेवला, दिवसभराने झाकणं उघडली, आणि काकूंनी नाकाखाली वीत लावून एकेक हुंगलं. झिरमिळ्यांपाशी त्या मागे सरकल्या. काडापाशी खिडकीपर्यंत गेल्या. लाकडापाशी मान डोलावली. कागदाच्या गोळ्यांवर त्यांनी वीत आखडून चार बोटं केली, मग दोन, मग नाक टेकवलं.

"काही नाही! रद्दीसारखा वास येतो. रोज ओला कोपरा काढून टाकला तर अक्काच्या बापालाही कळणार नाही."

"तो माझाही बाप होता," काका म्हणाले, पण आनंदात.

म्हणजे सामान ठरलं. जागा मात्र गिऱ्हाइकांनी ठरवायची होती, आणि ती त्यांनी ठरवली. घरात अकरा कोपरे. काकूंनी न्हाणीघराशेजारचा दाखवून पाहिला, काकांनी जिन्याखालचा. उशीने दोन्हीकडे सभ्यपणे हुंगलं, तुरुतुरु मागच्या व्हरांड्यात गेली, अक्काच्या वेताच्या स्टुलाखाली शिरली आणि शेपूट किंचित वर केली. पाठोपाठ लोड गेला आणि त्याने अनुमोदन दिलं.

काकूंनी कपाळावर हात मारला. त्या स्टुलावर अक्का रोज दुपारी बसायची. त्यावर दुसरं कुणी बसत नसे. देशाच्या पंतप्रधानांनाही तिने सतरंजी दिली असती.

पेटी चार वेळा दुसरीकडे नेली, चारही वेळा दोघांनी स्टुलाखालीच मोर्चा नेला. शेवटी काकांनी शरणागती पत्करली. स्टुलाच्या उजव्या हाताला पेटी ठेवली, तळाशी कागदाच्या गोळ्या, वर गवत. डाव्या हाताला दुकानातल्या जुन्या फळ्यांची बुटकी चौकट ठोकली, चार हात लांब, आणि तीत झोपायची जागा भरली. ती भरताना मात्र काका तीन वर्षांनी पुन्हा दुकानात असल्यासारखे झाले. कडा घट्ट, मध्ये खोलगट, एकेक थर तळव्याने दाबत. जीभ ओठाच्या कोपऱ्यात. भरून होताच लोडने आत उडी टाकली, बाहेर आला, पळत एक चक्कर मारली आणि मध्येच सबंध हवेत उडाला. वरच्या वर कंबरेला पीळ देऊन तोंड उलट्या दिशेला करून उतरला.

काका घाबरून डॉक्टरला फोन करायला धावले. "बाई, लोडला झटका आला!"

डॉक्टर फोनवर खूप वेळ हसत होती. "आनंद झाला की ते असं उडतात, काका. तुमचं काम आवडलंय त्याला."

गादीकाकांनी फोन ठेवला आणि घसा खाकरून काकूंकडे पाठ केली. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकांनी "बरी झालीय" याच्यापलीकडे कधी काही म्हटलं नव्हतं. उडालं कुणीच नव्हतं.

मग खेळणी. काकांनी घुंगराचा प्लॅस्टिकचा चेंडू, पिवळी खुळखुळ्याची अंगठी आणि चावी दिली की पळणारं बदक आणलं होतं. बदक पळालं. ससे विरुद्ध दिशेला पळाले आणि तासभर काकूंच्या शिलाई मशीनमागे बसले. चेंडूला उशीने एक टोला दिला आणि तोंड फिरवलं. पण बदक ज्या खोक्यातून आलं होतं, ते खोकं! त्यात दोघं शिरले, खिडकी पाडली, दार पाडलं, संध्याकाळपर्यंत छप्पर उतरवलं. काका नातीला फोनवर म्हणाले, "पुढच्या वेळी रिकामं खोकंच आणतो." मग खोक्याबरोबर सफरचंदाच्या झाडाच्या चार डहाळ्या आल्या, पुठ्ठ्याची नळी आली. आणि सगळ्यांत लाडकं खेळणं तर फुकट होतं. ते म्हणजे अक्काच्या स्टुलाचा पुढचा पाय.

वेत कुरकुर, कुरकुर, छान वाजायचा. काकांच्या ध्यानात आलं तोवर पायाला कंबर आली होती. त्यांनी तो पाय भिंतीकडे वळवला. त्यामुळे दुसरा पाय पुढे आला. त्यालाही कंबर आली.

"नवीन आणूया का?" काकूंनी विचारलं.

"नवीन आणलं तर अक्काला बसल्याबरोबर कळेल."

"आणि हे नाही कळणार?"

यावर काकांनी विषय बदलून लोडचे केस विंचरायला घेतले.

ती एक वेगळीच कथा. लोडचे केस गळायला लागले होते, आणि घरात ढग फिरावेत तसे पुंजके फिरत होते. काकांचा विचार सरळ होता: गरम पाणी, साबण, टॉवेल. डॉक्टरने फोनवरच हात जोडले. "आंघोळ नको, काका! घाबरून त्यांचा जीव जाऊ शकतो. नुसते विंचरा." मग काकांनी तीन तऱ्हेचे ब्रश आणले, एक तारेचा, एक मऊ केसांचा, एक रबराच्या टोकांचा हातमोजा. आणि रीतीप्रमाणे आधी स्वतःवर वापरून पाहिले. डोक्यावर सतरा केस होते. तारेच्या ब्रशानंतर चौदा राहिले. "फुली," काका डोकं चोळत म्हणाले.

मऊ ब्रश उशीला ठरला, तोही ती कोथिंबीर खात असेपर्यंतच. कोथिंबीर संपली की ती ब्रशच खायची. रबरी हातमोजा लोडला ठरला. काका तो घालून मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवायचे, जसा पिंजलेल्या कापसावरून फिरवायचे, आणि लोड चहूबाजूंनी पसरत पसरत पोळीएवढा चपटा व्हायचा. नखं कापायची कात्री वेगळी, लहान. काकू टॉवेलात गुंडाळून धरायच्या आणि काका श्वास रोखून नखाचं नुसतं टोक कापायचे. चार पाय होईपर्यंत काकूंनी दोनदा सांगितलं, "अहो, श्वास घ्या."

निघालेले केस टाकवतील तर ते गादीकाका कसले? त्यांनी ते निवडले, पिंजले आणि त्यांची टाचण्या खोचायची एवढीशी गादी केली. अक्कासाठी. लाच म्हणा हवी तर.

रविवार उजाडला. पेटी सकाळीच धुतली, पुसली, ताज्या गोळ्या घातल्या. काकूंनी वीत लावून सबंध घर हुंगलं. अकरा वाजता रिक्षा थांबली आणि अक्का काठी टेकत दारात आली. उंबऱ्यावर थांबली. नाक वर केलं.

काका-काकू भिंतीला टेकून उभे.

"कापूस बाहेर काढलास?" अक्काने विचारलं.

"थोडासा," काका म्हणाले.

"हं." अक्का दोन पावलं आत आली. पुन्हा नाक. "रद्दी साठलीय."

"देऊन टाकतो."

"आणि हा कशाचा वास येतोय? चांगला वास आहे." अक्का त्या वासाच्या मागे निघाली. स्वयंपाकघर, बोळ, बोळातून व्हरांडा. काका मागून, काकू त्यांच्या मागून. "सुक्या गवताचा वास आहे हा. बाबा पेंढ्याच्या गाद्या भरायचे तेव्हाचा. इथे गवत कुठून..."

काकांनी घाईघाईने टाचणीची गादी पुढे केली. "अक्का, हे तुझ्यासाठी!"

अक्काने ती अंगठ्याने दाबली. कपाळाला आठ्या पडल्या. पुन्हा दाबली. गालाला लावली. "हा कापूस कुठला रे? कापूस नाही हा. लोकर नाही. रेशीम नाही. साठ वर्षांत हा माल माझ्या हाताखालून गेला नाही." आणि नीट पाहावं म्हणून, कुणी काही बोलायच्या आत, तिने सवयीने हात मागे नेऊन स्टूल चाचपलं आणि त्यावर बसली.

"अक्का, नको..." काका म्हणाले.

स्टुलाच्या दोन्ही कंबरा एकदम मोडल्या. उजवीकडे पेटी होती, डावीकडे बिछाना. घराचं नशीब थोर, अक्का डावीकडे कलंडली, आणि चार हात लांब चौकटीत, गवतात, उताणी जाऊन पडली. गवताचे काडीकचरे हवेत उडाले. नळीतून उशी निघाली, खोक्यातून लोड निघाला. दोघांनी अंथरुणात आलेल्या या नव्या जनावराकडे पाहिलं. लोड पुढे झाला आणि त्याने अक्काचा अंगठा हुंगला.

कुणी हललं नाही. काठी घरंगळत जाऊन पेटीला अडली.

"लागलं का हो?" काकूंनी कसंबसं विचारलं.

 अक्का छताकडे बघत होती. मग तिने डोळे मिटले. खांदे सैल सोडले. हात बाजूला पसरले. काका एक पाऊल पुढे आले. ही पडण्याची पद्धत त्यांनी लहानपणापासून पाहिली होती.

"घड्याळ," अक्का डोळे मिटूनच म्हणाली.

काकूंनी धावत घड्याळ आणून उशाशी ठेवलं. पाच मिनिटं झाली. लोडने अक्काच्या पावलाला पाठ लावली आणि पसरला. आठ मिनिटं झाली. उशीने तिच्या केसातली गवताची काडी ओढून खाल्ली. काकांना वाटलं, आता संपलं. अक्काच्या पापणीची एक कड हलली.

"याला शेपूट आहे?"

"अगदी एवढीशी," काका म्हणाले. "नसल्यासारखीच."

"आणि हिला?"

"तिची तर त्याहून लहान."

"नातीच्या का रे?"

"हो. मी शब्द दिलाय तिला. दोघांना वेगळं करायचं नाही म्हणून." मग जे नऊ दिवस पोटात होतं ते सगळं बाहेर पडलं. कापूस, गुंडी, गच्ची, डबे, सतरा केस. अक्का ऐकत होती की नव्हती कळेना. सतरा केसांपाशी मात्र तिचं पोट हललं. मग जोरात हललं. मग ती सगळीच हलायला लागली, आणि तिच्याबरोबर गवत, आणि गवताबरोबर लोड. अक्का हसताना काकूंनी लग्नानंतर दुसऱ्यांदाच पाहिली होती.

घड्याळ वाजलं.

"खडू," अक्का म्हणाली.

काकांनी खिशातून खडू काढून तिच्या हातात दिला. अक्का कुशीवर वळली, चौकटीची कड चाचपली, आणि लाकडावर ठसठशीत रेघ मारली. मग तिच्यावर दुसरी, आडवी.

फुली.

काकूंनी पदर तोंडाला लावला. पण गादीकाकांचा चेहरा उजळत चालला होता.

"डावीकडे पातळ आहे," अक्का म्हणाली. "कड दाबलीस, कूस दाबली नाहीस. पूर्वीपासूनची तुझी खोड. मूठभर गवत घाल, आणि उद्या दुपारी पुन्हा बघेन मी. बरं झाल्याशिवाय हे इथून हलायचं नाही. हेही नाही, आणि हे दोघंही नाहीत." तिने पायाशी पडलेल्या लोडकडे मान केली. "आणि मला स्टूल नवं हवं. वेताचं नको. लोखंडाचं."

"आणतो," काका म्हणाले. "आत्ता आणतो. गवत आणतो. पोतं आणतो."

ते बोळात आले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं. मग पायजमा जरा वर ओढला, दोन पावलं पळाले आणि उडाले. वरच्या वर पीळ दिला, निदान तसा विचार केला, आणि वयाच्या मानाने बऱ्यापैकी उतरले. कपाटावरचं पातेलं खाली आलं.

"अहो!" मागून काकू म्हणाल्या.

"कोण उड्या मारतंय रे तिकडे?" व्हरांड्यातून अक्काचा आवाज आला. "गप्प बसा जरा. माझ्या पायावर हा आत्ता कुठे झोपलाय."